सात सेकंदांची झोप

घरात तिला मधली म्हणत. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, धाकटी अजून कॉलेजात, आणि ही दोघींच्या मध्ये, वय वर्षं तेवीस, गेले सहा महिने एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत इन्टर्न. तिथेही तिच्या वाट्याला आली ती मधली चित्रंच. स्टुडिओतले मुरलेले कलाकार एखाद्या हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र काढून मोकळे व्हायचे. हात खाली आहे, हात वर आहे. तो खालून वर जाईपर्यंत जे काही होतं, ते सगळं एकेक करून हिने काढायचं. धाकटीने हे ऐकलं त्या दिवशी ती हसून हसून गादीवर लोळली होती. "ताई, तुझ्या पत्रिकेतच मधलं लिहिलंय गं," म्हणाली.

पण मधलीला ते काम जिवापाड आवडलं, इतकं की त्यापायी तिचे डोळे बिघडले. सगळं जगच तिला तुकड्यातुकड्यांनी, संथ दिसायला लागलं. आई चहाचा कप टेबलावर ठेवायची, तर हिला दिसायचं की आधी आईची करंगळी टेकते आणि मग कप टेकतो. खिडकीचा पडदा फुगायचा, तर तो आधी पोटात फुगतो आणि त्याची खालची कड मागाहून रेंगाळत येते. रस्ता ओलांडणारी माणसं पाऊल उचलण्याआधी किंचित मागे झुकतात. शेजारच्या काकू बोलण्याआधी श्वास घेतात, आणि त्या श्वासातच कळतं की आता थाप येणार. असं बघत बघत चालताना दोनदा तिचा स्टॉप चुकला, आणि एकदा तर ती दुसऱ्याच इमारतीत दोन मजले चढून गेली आणि भलत्याच दाराची बेल वाजवून उभी राहिली. "हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे," आई म्हणायची. लक्ष तिथेच असायचं, फक्त गरजेपेक्षा जास्त.

स्टुडिओ एका जुन्या कापडाच्या गोदामात तिसऱ्या मजल्यावर होता. लांबच लांब खोली, दोन्ही अंगांना उंच खिडक्या, खिडक्यांवर पांढरे पडदे आणि मध्ये बावीस टेबलं. प्रत्येक टेबलात एक दुधी काच बसवलेली, काचेखाली दिवा. काचेवर चार-पाच कागद एकावर एक ठेवले की खालची चित्रं वर पुसट उमटत, आणि त्यांच्या मधलं चित्र कुठे बसायला हवं ते दिसे. दिवसभर पेन्सिलींची खरखर आणि कागद उलटण्याची फडफड, याखेरीज आवाज नाही. बोलणारी माणसंही हलक्या आवाजात बोलत, कुणाची झोप मोडू नये म्हणून बोलावं तशी. पहिल्या दिवशी मधलीला वाटलं होतं की आपण कुणाच्यातरी स्वप्नात चपला हातात घेऊन शिरलो आहोत. सहा महिने झाले तरी ते वाटणं गेलं नव्हतं. आता त्या स्वप्नात तिला स्वतःचं टेबल होतं, एवढंच.

त्या खोलीत सहा वर्षं एकाच चित्रपटाचं काम चाललं होतं. नदीकाठच्या एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट होती ती, आणि पुरी व्हायला अजून दोन वर्षं तरी लागणार होती. चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शिकेला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाई सत्तरीच्या होत्या, कमी बोलत, आणि चालताना कुठल्याही टेबलापाशी थांबल्या की त्या टेबलावरच्या माणसाचं पोट आत जात असे. त्यांच्या हाताखाली चित्रांचा वेळ तपासणारे एक गृहस्थ होते. त्यांचं काम एवढंच, की कुठली हालचाल किती फ्रेम चालते ते मोजायचं. त्यांचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. सगळे त्यांना सेकंदराव म्हणत, आणि ते या हाकेला ओ देत.

इन्टर्नशिप संपताना प्रत्येकाला एक शॉट स्वतंत्र मिळे. पहिलं चित्रही त्याचं, शेवटचंही त्याचं, मधलीही त्याचीच. त्याला निरोपाचा शॉट म्हणत. शॉट पुरा झाला की चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही असा एक माणूस पडद्यासमोरच्या खुर्चीत आणून बसवायचा. शॉट तीनदा दाखवायचा. मग बाई विचारणार, "काय झालं?" त्याने साध्या भाषेत जे सांगितलं ते पटलं, तर बाई म्हणत "ठेवा", आणि शॉट चित्रपटात जाई. नाही पटलं तर "काढा". मग हात जोडले, रडून दाखवलं, तरी उपयोग नसे. या सांगणाऱ्यासाठी नियम एकच होता: त्याने तो शॉट आधी पाहिलेला नसावा आणि त्याबद्दल काही ऐकलेलं नसावं. अकरा वर्षं, म्हणजे आधीच्या चित्रपटापासून, हे काम कोठारातले कागदकाका करत आले होते. कागद, पेन्सिली, खोडरबर देणारा हा माणूस स्वतः साधी सरळ रेघ मारू शकत नसे, आणि याचा त्यांना अभिमान होता.

मधलीला पुढे तिथे जागा नव्हती, हे तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेलं होतं. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण त्याची तयारी झाली होती. तयारी नव्हती ती शॉट जाण्याची. सहा महिन्यांत तिने दोन हजारांवर चित्रं काढली, आणि प्रत्येक चित्र दुसऱ्या कुणाच्यातरी दोन चित्रांच्या मध्ये जाऊन विरघळलं. हा एकच शॉट पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचा असणार होता. तो 'काढा' झाला, तर त्या चित्रपटात ती होती हे तिला स्वतःलासुद्धा दाखवता आलं नसतं.

शॉट होता सात सेकंदांचा. म्हातारा नावाडी ओसरीवर खुर्चीत बसला आहे आणि त्याला झोप लागते. बस्स. सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे सगळी मिळून चौऱ्याऐंशी. बाकीच्या टेबलांवरून सहानुभूतीच्या नजरा आल्या. पळणं सोपं, पडणं सोपं, मारामारी तर सगळ्यात सोपी. झोप काढणं म्हणजे डोक्याला ताप. पण मधली मनातून हसली. झोपणारा माणूस तिच्या घरातच होता.

तिचे बाबा एकतीस वर्षं बस चालवत होते. दीड वर्षापूर्वी एका मंगळवारी ते सकाळची फेरी करून डेपोत आले, तिथे डोळे तपासायला डॉक्टर बसले होते. बाबांना तक्त्यावरची तिसरी ओळ वाचता आली नाही. दुपारी साहेबांनी सांगितलं, उद्यापासून गाडीवर चढायचं नाही. म्हणजे सकाळी केली ती शेवटची फेरी होती, हे बाबांना दुपारी कळलं. त्याबद्दल ते एकदाच काय ते बोलले होते. "सकाळीच सांगितलं असतं," ते म्हणाले होते, "तर जरा सावकाश नेली असती." मग तो विषय घरात कुणी काढला नाही.

तेव्हापासून जेवण झालं की अडीचच्या सुमाराला बाबा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत. आधी पापण्या जड होत. मग खालचा ओठ जरा सुटे. मान डावीकडे कलायला लागे, सावरे, पुन्हा कले. छातीवरचे हात घसरून मांडीवर येत. पडद्यातून येणारा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू सरकत जाई, आणि खोलीतल्या सगळ्या वस्तूही पेंगुळल्यासारख्या दिसत. तीन शनिवार आणि तीन रविवार मधली समोर वही घेऊन बसली. श्वास रोखून ती बाबांची झोप कागदावर उतरवत होती, आणि उतरवता उतरवता कधी कधी तिचाच डोळा लागत होता. त्या दुपारी इतक्या शांत होत्या की नंतर तिला त्यातल्या काही खऱ्या घडल्या की स्वप्नात, हेही नीट सांगता आलं नसतं.

चौऱ्याऐंशी चित्रं पुरी झाली आणि बुधवारी तिने गठ्ठा सेकंदरावांच्या हातात दिला. निरोपाचा दिवस पुढचा गुरुवार होता. सेकंदरावांनी अंगठ्याने कागद सोडले, फर्रर्र. पुन्हा सोडले. भुवई वर गेली.

"हा नावाडी आहे ना?"

"हो."

"मग झोपेत ब्रेक कुठला मारतोय?"

अख्खी खोली हसली. मधली कानापर्यंत लाल झाली. तिने कागद घेतले आणि एकेक बघत गेली. एकसष्ट ते सदुसष्ट, सात चित्रांत नावाड्याचा उजवा पाय हळूच पुढे सरकत होता, टाच रोवत होता, चवडा खाली दाबत होता. मग सुटत होता. हे आपण काढलं आहे याचा तिला पत्ताच नव्हता. बाबांचा पाय होता तो. झोप लागायच्या अगदी शेवटच्या टोकाला बाबांचा उजवा पाय रोज असाच दाबला जाई. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी तोंडावर हात ठेवून म्हणे, "बाबांनी स्टॉप घेतला." आई म्हणे, "हळू गं, पॅसेंजर उतरतायत." मधलीला त्या पायाची इतकी सवय झाली होती की बघताना तो दिसला नाही आणि काढताना हातातून आपोआप उतरला.

"पाय काढून टाक," सेकंदराव म्हणाले, पण प्रेमाने म्हणाले. "बाकी चांगलं आहे."

तिने सातही चित्रं पुन्हा काढली. पाय जागेवर, गप्प. शुक्रवारी सगळा शॉट जोडून छोट्या पडद्यावर लावला आणि ती एकटीच बघत बसली. काहीतरी बिघडलं होतं आणि काय ते सापडत नव्हतं. नेमके तेव्हाच कागदकाका नव्या कागदांचं बाड घेऊन आले, आणि मधलीची अक्कल गहाण पडली. "काका, जरा बघता का?" ती म्हणाली.

काकांनी बघितलं. म्हाताऱ्याची मान कलली, हात घसरले, सगळं थांबलं. काकांनी चष्मा काढला. "अरेरे," ते म्हणाले. "कधी गेले?"

"काका, झोपलेत ते!"

"असं होय," काका म्हणाले, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे त्यांच्या चालण्यावरूनसुद्धा कळत होतं.

म्हणजे एका दमात दोन गोष्टी झाल्या. शॉट मेलेला होता हे कळलं, आणि सांगणारा हातचा गेला, कारण काकांनी आता शॉट पाहिला होता. मधली हातपाय गाळून बसली. शेवटी धीर करून बाईंकडे गेली आणि जे झालं ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "गुरुवारी तूच कुणालातरी घेऊन ये," म्हणाल्या. "घरचं माणूस चालेल. पण त्याच्यापाशी शॉटबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

शनिवारी अर्धा दिवस काम असे. ती अडीचला घरी पोचली, जेवलीसुद्धा नाही, वही घेऊन खुर्चीसमोर बसली. बाबांच्या अंगात पायाखेरीज आणखी काय जागं राहतं, ते तिला शोधायचं होतं. पापण्या मिटल्या. मान कलली. पाय दाबला गेला. धाकटी आतून येत होती, तिने नेहमीप्रमाणे म्हटलं, "बाबांनी स्टॉप घेतला."

पण त्या दिवशी बाबांची झोप लागली नव्हती. त्यांनी डोळे उघडले. "कसला स्टॉप?"

आईही हातातलं काम टाकून बाहेर आली होती. शेवटी तिनेच सांगितलं, हसत हसत सांगायचा प्रयत्न केला, पण हसू अर्ध्यात विरलं.

"रोज?" बाबांनी विचारलं.

"रोज," आई म्हणाली. "कधी कधी दोनदा."

बाबांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघावं तसं. मग उठून आतल्या खोलीत गेले. रविवारी ते खुर्चीकडे फिरकलेच नाहीत. दुपारभर गॅलरीत उभे राहून जांभया देत होते, डोळे चोळत होते, आणि कुणी "जरा पडा" म्हटलं की "झोप आलीय कुणाला?" म्हणत होते. मधलीला स्वतःची लाज वाटली. तिने त्या पायाची चित्रं काढली, त्याला लोकांच्या हसण्याचा विषय केला, आणि आता बाबांची दुपारची झोपही उडवली. शॉट गेला खड्ड्यात, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. खाली रस्ता रिकामा होता. एक सायकल उन्हातून सावलीत गेली आणि पुन्हा उन्हात आली.

"राग आला का बाबा?"

"राग कसला? लाज वाटली." त्यांनी उजवा पाय जमिनीवर हलकेच आपटला. "दीड वर्ष झालं, आणि पाय अजून ड्यूटीवरच."

बाबा पुढे बोलले, रस्त्याकडे बघत.

"त्याचं काय आहे, गाडी चालवायला सगळं अंग लागतं. पण थांबवायचं काम एकाकडेच असतं. हात दमले, डोळे दमले, तरी निभावतं. ज्याने थांबवायचं तो मात्र सगळ्यात शेवटी झोपतो. एकदा ब्रेक नीट लागला की मग माणूस मोकळा."

तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. काय चुकलं होतं ते तिला कळलं. नावाड्याचा पाय तिने झोपवला होता, पण त्याच्या अंगातलं जे थांबवतं ते जागंच केलं नव्हतं.

"बाबा, नाव कशाने थांबवतात हो?"

"मला काय विचारतेस?" बाबा म्हणाले. "नावेला ब्रेक नसतो, एवढं मला माहीत आहे. का गं?"

"काही नाही, सहज," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं तिने जिभेखाली दाबून ठेवलं.

सोमवारी सकाळी सहा वाजता ती नदीवर गेली. पलीकडे जाणाऱ्या लोकांना एक म्हातारा नावाडी वल्हवत नेई. नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि नाव निघाली की अलीकडचाही दिसेनासा होई. मग काही वेळ कुठूनच कुठे जात नसल्यासारखं व्हायचं. नुसतं पांढरं, आणि त्यात वल्ह्यांचा एका लयीतला आवाज. मधलीने एकामागून एक चार फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला नावाड्याला राहवलं नाही.

"ताई, काही हरवलंय का?"

"नाही हो. तुमचे हात बघतेय."

नावाडी असा काही लाजला की पुढची दोन वल्ही हवेतच मारली आणि मागच्या बाकावरच्या दोघांच्या अंगावर पाणी उडालं. पण चौथ्या फेरीला तो तिला विसरला, आणि तिला हवं होतं ते दिसलं. नावाडी जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो. काठ आठ-दहा हातांवर आला की त्याने वल्हवणं थांबवलं. वल्ही पाण्यातून काढली नाहीत, तशीच धरून ठेवली. कोपरं बरगड्यांना घट्ट लावली. पाणी वल्ह्यांवर चढलं, नाव जड झाली, मंदावली. मग त्याने मान वळवून खांद्यावरून मागे एकदा काठ बघितला. आणि मग मनगटं सैल सोडली.

तिथून ती सरळ स्टुडिओत गेली. सोमवार, मंगळवार, बुधवार. बावन्नाव्या चित्रापासून चौऱ्याऐंशीपर्यंत तेहतीस चित्रं तिने नव्याने काढली. काचेखालच्या दिव्यात म्हातारा कागदाकागदांतून वर येत होता. ओसरीवर, रिकाम्या हातांनी, तो कोपरं बरगड्यांशी घेत होता. जेवायच्या सुट्टीत लोक उठून गेले, आले, तिला कळलं नाही. कधी कधी तिला वाटे, खालून पाणी वाहतंय आणि टेबल संथ सरकतंय. बुधवारी संध्याकाळी पाचला तिने शेवटच्या कागदावर आकडा घातला. सेकंदरावांनी कागद सोडले, फर्रर्र, आणि या वेळी भुवई हलली नाही. ते काहीच न बोलता गेले, आणि त्यामुळे तिची पाचावर धारण बसली.

गुरुवारी न्यायचं कुणाला? धाकटीची परीक्षा होती. आईला नेलं असतं तर शॉट सुरू होण्याआधीच तिने तो सांगून टाकला असता. राहिले बाबा. त्यांना ती एवढंच म्हणाली, "माझा शेवटचा दिवस आहे, याल का?" बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मोजे घातले, आणि वाटेत बसमध्ये पूर्ण वेळ ड्रायव्हरकडे बघत राहिले. "गिअर उगाच बदलतोय," एवढंच बोलले.

छोट्या खोलीत पडदा होता, मागे सगळे दाटीवाटीने उभे होते. कागदकाका दाराशी होते. बाईंनी बाबांना पुढच्या खुर्चीत बसवलं, दिवे मालवले, आणि शॉट लागला. सात सेकंद. म्हाताऱ्याच्या पापण्या जड झाल्या, ओठ सुटला, मान कलली. मग कोपरं अंगाशी आली, काहीतरी न दिसणारं धरून ठेवल्यासारखी. मान अर्धवट वळली, मिटत्या डोळ्यांनी त्याने खांद्यावरून मागे बघितलं. मनगटं सुटली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. दिवे लागले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

मधली बाबांच्या पाठीकडे बघत होती. ती पाठ तिला इतकी ओळखीची होती, आणि तरी त्या पाठीवरून आत काय चाललं आहे त्याचा थांग लागत नव्हता.

"पोचला," बाबा म्हणाले.

मागे कुणीतरी श्वास घेतला. शॉट झोपेचा होता. गेला, मधलीला वाटलं, शॉट गेला.

"झोपला नाही?" बाईंनी विचारलं.

"झोपला की. पण आधी पोचला." बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मागे वळून बघितलं ना त्याने, आलं का म्हणून? आलं होतं. मग झोपला." चष्मा पुसून झाला होता, तरी ते पुसतच राहिले. "त्याला कळलं, आता आपलं झालं म्हणून. बरं आहे बुवा त्याचं."

बाबा कशाबद्दल बोलत होते हे त्या खोलीत फक्त एकीला माहीत होतं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही.

"ठेवा," बाई म्हणाल्या.

सेकंदरावांनी वहीत नोंद केली. मग एकदम गलका झाला, कुणी पाठीवर थाप मारली, कागदकाकांनी बाबांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि "तुम्ही माझी नोकरी घालवणार" म्हणाले. बाईंनी मधलीच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि आपल्या खोलीत गेल्या. प्रमाणपत्र मिळालं, पिशवी भरली, आणि सगळ्यांचे निरोप तिने घाईघाईने, खाली बघत घेतले, कारण वर बघितलं असतं तर ती पुन्हा रडली असती. बाबांना घेऊन ती जिना उतरायला लागली. तिला लवकर रस्त्यावर पोचायचं होतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा थांबले.

"संपलं ना तुझं इथलं आज?"

"हो बाबा."

"मग अशी पळत काय सुटलीस?" त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. "जा वर. तुझं टेबल-बिबल काय असेल ते बघून ये एकदा नीट. मी आहे इथे."

"उशीर होईल."

"होऊ दे."

बाबा पायरीवर बसले आणि पिशवी मांडीवर ठेवली. मधली वळली आणि एकेक पायरी सावकाश चढायला लागली.